अक्का-मास्तरांच्या तीन पेट्या

तिसरी घंटा

परवा अक्कांची शोकसभा झाली. सहा वक्ते, पावणेदोन तास. 'आदर्श दांपत्य' अकरा वेळा मोजलं, मग मोजणं सोडलं. एकजण 'संसाररथाची दोन चाकं' म्हणाले तेव्हा माझ्या शेजारी बसलेले, एके काळी आमच्या नाटकांचा पडदा ओढणारे गृहस्थ कानाशी पुटपुटले, "कसली चाकं बे? एका रिक्षात बसले तरी सात रस्त्यानं जायचं की पार्कावरनं, यावर भांडायचे दोघं."

म्हणून हा धागा. ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. सभेत बोलतात तसं नको.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. मास्तर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून, उरलेला सगळा वेळ नाटक. अक्का सोलापूरच्या साखर पेठेतल्या विणकर घरातल्या, घरची भाषा तेलुगू. लग्न साठच्या दशकात, रजिस्टर पद्धतीनं, दोन्हीकडचं कुणी आलं नाही. संसार ५८ वर्षांचा. मूलबाळ नाही. मास्तर चार वर्षांपूर्वी गेले, अक्का गेल्या महिन्यात. नावं मुद्दाम लिहीत नाही. हँडबिलावर मास्तर स्वतःचं नाव सगळ्यात खाली, रंगभूषा आणि खुर्च्या-मंडप यांच्या मधे टाकायचे, अक्कांचं तर तेही नसायचं. त्यांचीच रीत पाळतोय.

दुसरं कारण रोकडं आहे. त्यांच्या खोलीत पत्र्याच्या तीन मोठ्या पेट्या आहेत. घरमालकांना महिनाअखेर खोली रिकामी हवी आहे. (त्यांना नावं ठेवू नका, शेवटच्या तीन महिन्यांचं भाडं त्यांनीच सोडलं.) पेट्यांचं काय करायचं ते ठरवायचंय. पण आधी आठवणी.

पार्कचौकी

अक्का म्हणजे कानडी ना? मी इतकी वर्षं त्यांना कानडीच समजत होतो. आजीशी तर कानडीतच बोलायच्या.

पूर्वभाग

तेलुगूतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. कानडीतही. सोलापुरात मराठीतही. तीन पेठांत एकच हाक चालते म्हणून त्यांनी ते नाव स्वतःच धरलं, असं माझी आई सांगते. चारचौघांत मास्तरही अक्काच म्हणायचे. आता नवऱ्यानं बायकोला मोठी बहीण म्हणायचं म्हणजे कठीणच, पण गावात कुणाला खटकलं नाही. त्या मास्तरांना 'एमंडी' म्हणायच्या, म्हणजे आपलं 'अहो'. बोळातल्या मराठी पोरांची समजूत होती की मास्तरांचं पाळण्यातलं नावच एमंडी आहे. एकानं तर गणपतीच्या वर्गणीची पावती 'श्री. एमंडी' म्हणून फाडली होती. मास्तरांनी ती जपून ठेवली.

दुसरी आठवण म्हणजे पाणी. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड नळ, तोही कधी पहाटे तीनला. पहिली हाक अक्कांची: "नीळ्ळु वच्चिनय्!" पाणी आलं. मग मराठीत, मग कानडीत. बोळातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घागरी आधी, आमच्या मागून. वर्षानुवर्षं. हे कुठल्या समाजसेवेत मोजतात का माहीत नाही.

मिलचा भोंगा

मी मास्तरांच्या हाताखाली टाइम ऑफिसात होतो, तेव्हा हे दोघं भेटले कसे ते मी सांगतो. गिरणी कामगारांच्या गणेशोत्सवात नाटक होतं. मागचा पडदा रंगवायला पेंटरनं जास्त पैसे मागितले. कुणीतरी म्हणालं, साखर पेठेत एका मागवाल्याची पोरगी चादरीचे ग्राफ काढते, हात चांगला आहे. मास्तर गेले. पोरीनं बागेत नाचणारा मोर काढून दिला. मास्तर म्हणाले, पिसारा एका बाजूला जास्त झालाय. ती म्हणाली, मोजा. मोजला. दोन्हीकडं सारखे डोळे निघाले. मास्तर त्या दिवशी हरले ते हरलेच.

चादरवाला

ही गोष्ट अक्का वेगळी सांगायच्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मास्तर आधीपासून ग्राफचा कागद विकत घ्यायच्या निमित्तानं त्यांच्या वडलांकडं चकरा मारत होते, आणि नाटकवाल्या माणसाला ग्राफचा कागद कशाला लागतो हे वडलांना काही केल्या कळत नव्हतं.

ज्यांनी चादरीचं काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी जरा सांगतो, कारण अक्कांचं सगळं तिथून आलंय. जेकार्डच्या मागावर नक्षी हातानं निघत नाही. आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढायचं. उभी ओळ म्हणजे ताणा, आडवी म्हणजे बाणा. कुठल्या चौकटीत धागा वर उचलायचा ते रंगवून दाखवायचं. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात. एका आडव्या धाग्याला एक पत्ता. ते पत्ते ओवून त्यांची माळ मागावर चढते. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. एक भोक चुकलं की मोराला चोच दोनदा येते, आणि तीच चूक प्रत्येक चादरीवर येते. सोलापुरी चादरीला पुढं २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात ग्राफ काढणाऱ्या हातांचा उल्लेख कुणी केला नाही. बाईमाणसाचा तर नाहीच.

त्यामुळं अक्कांना प्रत्येक चित्र चौकटीतच दिसायचं. वीस फुटी पडदा रंगवायचा तर आधी काव लावलेल्या दोरीनं कापडावर चौकटी मारायच्या, मग हातातल्या वहीची एक चौकट म्हणजे पडद्यावरची एक फूट. पोरंसोरंसुद्धा एकेक चौकट रंगवायची. सगळं जोडलं की किल्ला उभा राहायचा. आपण किल्ला काढला हे त्या पोरांना पडदा वर गेल्यावर कळायचं.

बरणीतलं मीठ

मास्तरांचा डिमर! कुणाला आठवतो का? खेडेगावात प्रयोग असला की भाड्याचे डिमर परवडायचे नाहीत. मग चिनी मातीची लोणच्याची मोठी बरणी, त्यात मिठाचं पाणी, तळाशी एक पत्रा, वरून दोरीला टांगलेला दुसरा पत्रा. दोन्हींना वायर. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा उजळायचा, वर घेतला की मंद. मीठ जास्त पडलं तर पाणी उकळायला लागायचं. मोहोळजवळ एका गावात दुसऱ्या अंकात बरणी अशी खदखदली की पहिल्या रांगेतल्या आजी ओरडल्या, "अगं बाई, भात उतू चाललाय!"

मी बरणीवर होतो. वय चौदा. आता विजेचं काम करतो आणि अंगावर काटा येतो. कसलाही फ्यूज नाही, अर्थिंग नाही, अनवाणी पाय. अक्का फक्त एक करायच्या: मला लाकडी पाटावर उभं करायच्या आणि डावा हात पाठीमागं बांधून ठेवायला सांगायच्या. मास्तर म्हणायचे, काही होत नाही. अक्का म्हणायच्या, तुमच्या तोंडाला होत नाही, पोराच्या हाताला होतं.

सात रस्ता

सगळं गोडगोड चाललंय म्हणून लिहितो. मास्तरांनी मला राज्य नाट्य स्पर्धेच्या तीन दिवस आधी मुख्य भूमिकेतून काढलं. कारण दोन तालमींना अर्धा तास उशीर. माझी दुसरी पाळी होती, सुपरवायझर सोडत नव्हता. टाइम ऑफिसातला माणूस, त्याला माझी पाळी माहीत नव्हती का? माहीत होती. तरी काढलं. हुतात्मा स्मृती मंदिरात मी तिकीट काढून बाल्कनीत बसलो आणि माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. पंचवीस वर्षं बोललो नाही.

अक्का मात्र दर संक्रांतीला घरी यायच्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, तीळगूळ. मास्तरांबद्दल अवाक्षर नाही. एकदा बायकोनं विचारलं, मास्तरांनी पाठवलंय का? त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत नाही. त्यांनी त्यांचं नाटक सांभाळलं, मी माणूस सांभाळते."

शोकसभेला मी आलो होतो. बोललो नाही. बरं झालं.

तिसरी घंटा

@सात रस्ता, मास्तरांना माहीत होतं. भाकऱ्या मोजून तेच बांधायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला आता सांगावं की नाही यावर दोन दिवस विचार केला.

सात रस्ता

…

ठीक आहे.

शेंगाचटणी

अक्का स्टेजवर कधीच आल्या नाहीत का? माझी मावशी म्हणते एकदा आल्या होत्या.

मिलचा भोंगा

एकदाच, आणि त्याचं रामायण झालं. स्पर्धेच्या दिवशी आईची भूमिका करणाऱ्या बाईंच्या घरी सुतक पडलं. संध्याकाळचे पाच वाजलेले. सगळं नाटक पाठ असलेली एकच व्यक्ती होती, पंधरा वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करणारी. अक्का उभ्या राहिल्या. काम असं झालं की बाहेर मावा विकणारासुद्धा दार ढकलून आत आला. पण तोंडात 'मी आली', 'मी गेली'. लेखकानं लिहिलेलं 'आले, गेले' त्या घाईत निसटलं. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं: अभिनय प्रभावी, भाषा अशुद्ध.

मास्तर भांडतील असं आम्हाला वाटलं. ते भांडले नाहीत. घरी गेले आणि पुढच्या वर्षीचं नाटक आपल्या सोलापुरी बोलीतच लिहिलं. 'काय करलालास बे', 'जाऊन येलालो', सगळं. पात्रांत एक पद्मशाली विणकर, एक लिंगायत दुकानदार, एक मोमीन बाई, एक मराठा हवालदार. प्रत्येकाची मराठी वेगळी. तेव्हा असलं कुणी करत नव्हतं, निदान आमच्या बघण्यात तरी नाही. बक्षीस मिळालं नाही. पण पूर्व भागातली तेलुगू माणसं पहिल्यांदा तिकीट काढून मराठी नाटकाला आली. विड्या वळणाऱ्या बायका घोळक्यानं आल्या आणि मध्यंतरात एकमेकींना सांगत होत्या, हे आपल्यासारखंच बोलतात की गं.

पार्कचौकी

जरा विषयांतर. या गावाची गंमतच ती आहे. लावणीकार राम जोशी इथले. शुभराय महाराज कर्नाटकातून आले, मठ स्थापला, पदं लिहिली आणि चित्रंही काढली. सनईची धाकटी बहीण म्हणावी अशी सुंदरी वाजवणारं जाधव घराणं इथलं. कवी कुंजविहारी, कवी संजीव इथले. तरी पुण्यात गेलं की विचारतात, सोलापूर म्हणजे चादर ना?

दूरदेशी सोलापूरकर

मी त्यांच्याच वाड्यात वाढले. आता परदेशात असते, रात्री अडीचला हे सगळं वाचत बसलेय.

त्यांच्या लग्नाला कुणी आलं नाही हे वर आलंय. रजिस्टरवर सह्या झाल्या, साक्षीदार म्हणून गिरणीतले तीन कामगार, नंतर चहा. अक्षता नाहीत. अक्कांना त्याचं वाईट वाटलं असावं, कारण त्यानंतर जे सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं.

सिद्धेश्वराच्या यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी: सिद्धरामांवर, म्हणजे सिद्धेश्वरांवर, एका कुंभारकन्येचा जीव जडला. ते संन्यस्त, लग्न करणार नाहीत. तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावायला सांगितलं. त्याचं प्रतीक म्हणून दरवर्षी सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते तोलून नेतात, कट्ट्यावर संमती वाचली जाते आणि लाखो लोक अक्षता टाकतात. गावातल्या कित्येक घरांत त्या दिवशी लग्नघरासारखी गडबड असते.

अक्का-मास्तर दर वर्षी जायचे. मास्तर देवाधर्माचे नव्हेत, पण जायचे. अक्का अर्धी मूठ नंदीध्वजाकडे टाकायच्या आणि अर्धी मास्तरांच्या डोक्यावर. "आपल्या लग्नाच्या राहिल्यात." मास्तर चिडायचे, टोपी झटकायचे, आणि मग खिशातून स्वतःच्या काढून त्यांच्यावर टाकायचे. मी सहा-सात वर्षांची असताना हे पाहिलं आणि मला वाटलं की आईबाबांनीही असंच करायचं असतं. बाबांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या तर त्यांनी पाठीत धपाटा घातला.

करोनाच्या वर्षी यात्रेला जाता आलं नाही. तेव्हा व्हिडिओवर मी पाहिलं. दोघं गॅलरीत उभे, मास्तरांना धड उभंही राहवत नव्हतं, तोंडाला मास्क, आणि खाली रस्त्यावर एक पोलीस वर बघून हसतोय. तीच त्यांची शेवटची भोगी.

उमरग्याकडचा

सोलापूरचा नाही, पण लिहू का?

मी भूकंपातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला आले होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, आम्ही पोरं दमून झोपलेलो. आमच्याकडं माळवदाची घरं. दोन-दोन अडीच-अडीच फुटी भिंती, गोल दगड आणि चिखल, वर मातीचा भार. भिंती फुटून पडल्या आणि वरची माती घरात उतरली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. आमच्या घरातली तीन. आईचा पाय चिरडला होता. ट्रकमधून हैदराबाद रोडनं सोलापूरला नेलं.

दवाखान्यात मी आठ वर्षांचा पोर, व्हरांड्यात बसलेलो. एक बाई आल्या, डब्यात भात आणि आमटी. मला म्हणाल्या, "तिन्नावा?" मला कळलं नाही. मग म्हणाल्या, जेवलास का. त्या अक्का. रोज यायच्या, महिनाभर. मास्तर पलीकडं नातेवाईक हरवलेल्यांच्या याद्या करत बसायचे. त्यांचं अक्षर मोठं आणि ठळक, भिंतीवर लांबून वाचता यायचं.

नंतर आम्ही पत्र्याच्या शेडमधे राहायला गेलो, तिथं त्यांची मंडळी आली. अक्कांनी पोरांना चौकटीचे कागद वाटले. म्हणाल्या, काहीही काढा. सगळे घर काढतील असं मोठ्यांना वाटलं असावं. मी म्हैस काढली. आमची म्हैस वाचली होती. शेजारच्यानं ट्रक काढला. एकीनं सगळ्या चौकटी काळ्या केल्या. अक्कांनी तिला दुसरा कागद दिला, तोही काळा केला, तिसरा दिला. किती दिले मला आठवत नाही, पण हात आखडला नाही.

मास्तरांनी वीस मिनिटांचं नाटुकलं केलं. पात्रं दोनच, गवंडी आणि सासू. सासूला जुन्यासारखंच घर पाहिजे, गवंडी सांगतो की भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घालू या, दारांच्या वरून चारही भिंतींना सिमेंटचा पट्टा फिरवू या, वरची माती कमी करू या. सासू प्रत्येक गोष्टीला नाही म्हणते. लोक हसत होते. भूकंपानंतर आमची माणसं हसलेली मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली. मी पुढं सिव्हिल डिप्लोमा केला. त्या नाटुकल्यामुळं केला असं म्हणणार नाही, मार्क कमी होते म्हणून केला. पण पट्टा काँक्रीटचा हवा आणि कोपऱ्यात तुटता कामा नये हे मला कॉलेजच्या आधीपासून माहीत होतं.

शेंगाचटणी

@उमरग्याकडचा, लिहू का म्हणून विचारायचं नसतं.

कुंभारी दहा हजार

आयडीवरून कळलंच असेल, मी गोदूताई परुळेकर वसाहतीतली. दहा हजार विडी कामगार बायकांची घरं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या तेव्हा आई मला कडेवर घेऊन गेली होती म्हणे.

आई आजही विड्या वळते. रात्री पानं भिजत घालायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची, सकाळी पत्रा ठेवून कात्रीनं सारख्या मापाची कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दोऱ्याचा वेढा, नखानं तोंड मुडपायचं. हजार विड्या झाल्या की एक दिवस झाला. त्यात पानांची कातरण किती निघते ते ज्यानं झाडलं त्यालाच माहीत.

अक्का साठीच्या पुढच्या होत्या तेव्हा. दर रविवारी शहरातून बसनं यायच्या, सोबत पिशवीत खळ आणि जुने पुठ्ठे. त्या कातरणीचे मुखवटे करायला त्यांनी शिकवलं. वाघ, राक्षस, म्हातारी. तंबाखूचा वास येतो म्हणून आम्ही नाकं मुरडली तर म्हणाल्या, "तुझ्या फीचा वास आहे तो." नवरात्राच्या सुमारास बतुकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांच्या सणाची फुलांची रास, करायला बसायच्या, फुलांचे थर रचताना आम्हाला गोल मोजायला लावायच्या. खालच्या थराला किती, वरच्याला किती. आमचं गणित तिथं झालं.

मास्तर बाहेर कट्ट्यावर बायकांचे फंडाचे फॉर्म भरत बसायचे. गिरण्या बंद पडल्यावर कामगारांचे फॉर्म भरले होते तसेच. नावात एक अक्षर चुकलं की पैसे अडकतात म्हणून प्रत्येकीचं तेलुगू नाव मराठीत कसं लिहायचं ते अक्कांना विचारून. दोघांची तिथंही भांडणं. "ण नाही हो, न!" "कार्डावर ण आहे." "कार्ड चुकलंय." "चुकलेलंच लिहावं लागतं, अक्का, तेच तर सांगतोय!" मास्तरांचं बरोबर असायचं.

मी आता चित्रकला शिक्षिका आहे. एवढंच.

चादरवाला

आणि एक, कुणी त्यांना दानशूर वगैरे म्हणायच्या आधी: मास्तरांनी माझ्या वडलांकडून पडद्याच्या कापडासाठी पाचशे रुपये उसने घेतले होते ते दिलेले नाहीत. वडील गेले तरी दर दिवाळीला त्या पैशांचा विषय निघायचा. अक्कांनी बदल्यात माझ्या बहिणीच्या लग्नात दारापासून मांडवापर्यंत रांगोळी काढली. वडील म्हणाले, हिशेब मिटला. आई म्हणाली, मिटला नाही. आमच्या घरात अजून वाद आहे.

जुळे सोलापूर

शेवटची रात्र मी होतो म्हणून लिहितो.

दोघांनी नेत्रदान आणि देहदानाचे अर्ज केव्हाच भरले होते. रेशन कार्डाच्याच पिशवीत ठेवलेले. मास्तरांच्या वेळी करोनामुळं काही करता आलं नाही, ते अक्कांना फार लागलं होतं. मला चारदा बजावून ठेवलेलं: पंखा बंद कर, पापण्या मिटव, वर ओला कापूस ठेव, डोक्याखाली उशी घाल, आणि आधी डोळ्यांसाठी फोन कर, रडायचं नंतर. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. पहाटे सव्वाचारला गेल्या. साडेसहाला डोळे काढून झाले होते.

मग पुतणे आले. त्यांचं म्हणणं, विधी व्हायला पाहिजेत. त्यांना मी दोष देत नाही. लग्नाला आले नव्हते त्यांचीच ही मुलं, काकूसाठी काहीतरी करावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. दोन तास चर्चा. शेवटी बोळातल्या बायकांनी घरीच हळदकुंकू लावलं, ओटी भरली, पुतण्यांनी पाणी पाजलं आणि तेच मेडिकल कॉलेजच्या गाडीत बसून सोबत गेले. कुणीतरी मागून अक्षता टाकल्या. अशा वेळी अक्षता टाकत नाहीत, मला माहीत आहे. कुणी काही बोललं नाही.

तिसरी घंटा

काल आम्ही चौघांनी पेट्या उघडल्या. यादी देतो, मग ठरवू.

पहिली: वेशभूषा. धोतरं, तीन बाराबंद्या, जरीचे दोन अंगरखे, पुठ्ठ्याच्या तलवारी (वाकलेल्या), दाढ्या (एक उंदरानं खाल्लेली), हवालदाराचा पट्टा. टॉवेलचे राजवस्त्र, म्हणजे खरंच टेरी टॉवेल, रंगवून, कडेला जर लावून.

दुसरी: गुंडाळलेले पाच पडदे. त्यातला एक मोराचा असावा असं वाटतंय, पण पूर्ण उघडला नाही.

तिसरी: वह्या. नाटकांच्या संहिता मास्तरांच्या अक्षरात, बाजूला अक्कांच्या तेलुगूत खुणा. चौकटीचे शेकडो कागद. फंडाच्या फॉर्मच्या नकला. 'श्री. एमंडी' यांची पावती. तळाला बिस्किटांचा डबा, त्यात अक्षता. त्यांना कीड लागलेली, सगळ्या पेटीत किडे. डबा बाहेर नेऊन उन्हात ठेवलाय, टाकलेला नाही.

बरणी पेटीत नव्हती. स्वयंपाकघरात सापडली, लोणच्यासकट.

पार्कचौकी

एखाद्या संस्थेला देऊन टाका की. फोटो काढून, सत्कार वगैरे.

बरणीतलं मीठ

नको. मागं एका दिवंगत कलावंताचं सामान असंच एका संस्थेला दिलं होतं. दोन वर्षांनी गेलो तर जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी. सत्काराचा फोटो मात्र भिंतीवर व्यवस्थित.

कुंभारी दहा हजार

पडदे कुणी उघडू नका, प्लीज. ते पावडरच्या रंगात सरस घालून रंगवलेले असतात. इतक्या वर्षांनी सरस सुकून कडक होतो, घडी पडली की रंगाचे पोपडे निघतात. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून हळूहळू गुंडाळायचे, मधे जुनं धुतलेलं सुती कापड. ऊन देऊ नका, फक्त वारा. आमच्या शाळेत एक कोरडी खोली आहे, मुख्याध्यापिकांशी बोलले, त्या हो म्हणाल्या. पडदे आणि चौकटीचे कागद मला द्या. मुलं ते बघतील.

पूर्वभाग

संहिता मी स्कॅन करतो. अक्कांच्या तेलुगू खुणा मला वाचता येतात. एका पानावर मास्तरांच्या वाक्यापुढं 'फार लांब, लोक उठतील' असं लिहिलंय. खाली मास्तरांनी ते वाक्य खोडलंय.

सात रस्ता

वेशभूषेची पेटी मी घेतो. माझ्या नातवाच्या कॉलेजची पोरं नाटक करतात, त्यांना तलवारी लागतात. वाकलेल्या सरळ करू.

चादरवाला

बरणी मला. पाचशे रुपयांत जमा.

मिलचा भोंगा

लोणचं कसलं आहे?

तिसरी घंटा

आंब्याचं. अर्धं उरलंय.

रविवारी सकाळी नऊला टेम्पो सांगितलाय, बोळात शिरत नाही, कन्ना चौकात उभा राहील, पेट्या हातानं न्याव्या लागतील. किमान सहाजण या. खोलीची किल्ली समोरच्या ताईंकडं आहे. कुलूप जुनं आहे, किल्ली आधी थोडी उलटी फिरवायची, मग सरळ. आणि त्या दिवशी पाण्याचा वार आहे, तेव्हा नळ आला की आधी घागरी.